सारजेबद्दल

लग्न होऊन मी श्रीगोंद्याला आले, त्या पहिल्याच आठवड्यात एका सकाळी माझ्या नवऱ्याची आत्या मागच्या दारानं आत आली, पाटावर टेकली आणि चहाची वाट बघत म्हणाली, "सारजी पुन्यांदा माहेरी गेली."

"गेली का," सासूबाई म्हणाल्या आणि चहात आलं किसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, की सारजीच्या भावानं तिला परत आणून घातली, पण थोरली जाऊ तिच्याशी बोलत नाही. तिसऱ्या दिवशी सारजीचा नवरा रामजी भरल्या ताटावरून उठला. माझा जीव वरखाली. माझ्या माहेरी राहात्याला शेजारच्या घरात असं काही चाललं, तर चार बायका जाऊन बसतात, दोन्हीकडच्यांना सुनावतात आणि भांडण मिटवूनच उठतात. इथे मात्र सगळे निवांत. शेवटी मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, त्या सारजाबाईकडे कुणीतरी जाऊन यायला पाहिजे. उद्या काही कमीजास्त झालं तर?"

नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "ये की जाऊन. फक्त ती मरून शंभरेक वर्षं झाली."

अशी माझी आणि द्वारकाआत्याची ओळख झाली. बाकीची माणसं हयात शेजाऱ्यांच्या भानगडीत लक्ष घालतात, आमची आत्या स्वतःच्या पणजोबा-पणजीच्या संसारात लक्ष घालते. जुन्या कागदांतून आदल्या दिवशी जे काही हाती लागलं असेल, ते सकाळी चहाबरोबर आमच्या स्वयंपाकघरात जाहीर होतं. ज्या दिवशी काही लागत नाही, त्या दिवशी ती नुसतं "आज शांत हाय" म्हणते, आणि सासूबाईंना खरोखरच बरं वाटतं.

आत्या सत्तरीची. अंगानं काटकुळी, आवाज मात्र बाजार समितीत लिंबं विकून कमावलेला. ओढ्यापलीकडच्या माळावर तिची लिंबाची बाग आहे. बागेतच दोन खोल्या आहेत, आणि त्या खोल्यांत ती, एक कुत्रं आणि कागद असे तिघं राहतात. जन्मभर लिंबं निवडल्यामुळे माणसंही ती तशीच निवडते. माझा नवरा तिच्या मते "रसाळ, पर पिळल्याबिगर काय देत न्हाई". भावकीतले एक पुढारी "नुसती साल". मला तिनं पहिल्या दिवशी हनुवटी धरून उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "हिरवी हाय अजून. टिकंल." मी हे कौतुक समजावं की काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तिचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "तोंडाचं सोडा, कागद काढा." भाजीवाली म्हणाली की मेथी आज सकाळचीच आहे, तर आत्या तिला कागद मागते. पूजेला आलेले गुरुजी एकदा "शास्त्रात असं सांगितलंय" एवढं बोलून गेले. आत्यानं पोथी उघडायला लावली, ओळ दाखवायला लावली, आणि ती काही केल्या सापडेना. गुरुजी तेव्हापासून आमच्याकडे पूजा सांगतात, शास्त्राचं नाव काढत नाहीत. डॉक्टरांनी मात्र साखर वाढल्याचा रिपोर्टच तिच्या हातात ठेवला. तिनं तो भिंगातून वाचला, घडी घालून पिशवीत टाकला, "ह्याला म्हनत्यात बोलनं" असं म्हणाली आणि त्या दिवसापासून चहातली साखर सोडली.

आता हे वेड कशापायी, ते सांगितलं पाहिजे.

आमच्या भावकीत तीन घरं. मूळ पुरुषाला तीन मुलगे होते, त्यांची ही तीन घरं. थोरल्याचे ते "मळ्यातले", कारण विहीर आणि मळा त्यांच्याकडे. धाकट्याचे ते "वेशीतले". मधला रामजी, त्याचे आम्ही. आणि आम्हाला म्हणतात "फारखतवाले". फारखत म्हणजे काडीमोड, सोडचिठ्ठी, हे भावकीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. रामजीची बायको सारजा नांदली नाही, जावांशी भांडली, दिरांना उलट बोलली, सारखी माहेरी पळाली. शेवटी रामजीनं तिला फारखत दिली आणि ती पोराला काखोटीला मारून ओढ्यापलीकडच्या खडकाळ माळावर जाऊन राहिली, अशी कथा. रामजी त्यानंतर थोड्याच वर्षांत साथीच्या रोगात गेला, त्यामुळे त्याला विचारायची सोय उरली नाही. लोक आम्हाला फारखतवाले म्हणतात त्यात कुणाचा वाईट हेतूही नसतो. "फारखतवाल्यांना पत्रिका गेली का?" असं आमच्याच ओसरीवर बसून विचारतात आणि आमचाच चहा पितात.

पण घरातली एखादी मुलगी जरा चढ्या आवाजात बोलली, की म्हणतात, "सारजी हाय." द्वारकाआत्या तरुणपणी लग्न होऊन देवळाली प्रवरेला गेली होती. वर्षाच्या आत माघारी आली. का आली, ते ती सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. तेव्हा भावकीनं मात्र न विचारताच निकाल दिला होता, "सारजीचीच पणती ती." आत्यानं तो निकाल ऐकला, माळावर लिंबं लावली, आणि मनाशी ठरवलं की सारजेला नवऱ्यानं टाकली नव्हती, हे कागदानिशी दाखवून द्यायचं. म्हणजे एक बाई तरी या बट्ट्यातून सुटेल.

जुने कागद मोडीत. मोडी कुणालाच येईना. म्हणून साठी उलटल्यावर आत्या रविवारच्या रविवारी पहिल्या एसटीनं नगरला मोडीच्या वर्गाला जाऊ लागली. वर्गात सगळी कॉलेजची मुलं. आत्या पहिल्या बाकावर, डब्यात सगळ्यांना पुरेल एवढं लिंबाचं लोणचं. शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं, रोजचा सराव पाहिजे. आत्यानं ते फारच मनावर घेतलं. वाण्याच्या यादीपासून कुत्र्याच्या लशीच्या तारखेपर्यंत सगळं मोडीत. वाण्यानं यादी उलटी धरली, आडवी धरली आणि शेवटी अंदाजानं सामान बांधून दिलं. लोणच्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्याही मोडीत. एका एकादशीला सासूबाईंनी उपासाचं गोड लोणचं म्हणून जे वाढून घेतलं, ते मोहरी-हिंगाचं निघालं. तेही दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर कळलं. आत्या म्हणाली, "मोडीनं उपास मोडला." सासूबाई आठ दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत, बातम्या मात्र ऐकत होत्या.

मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ओळीच्या ओळी एकसलग पळतात, त्यामुळे आत्याच्या बातम्याही कधीकधी घसरत. एकदा ती बागेतून तरातरा आली आणि म्हणाली, "सापडला. पाटलाच्या दप्तरात सोताच्या हातानं लिवलंय, रामजी बरा न्हाई." म्हणजे रामजी वाईट माणूस, सरकारी कागदातच आलं. तिनं पेढे वाटायचेच बाकी ठेवले. दोन दिवसांनी त्याच कागदाची दुमडलेली कड तिनं पाण्याचा हात लावून सरळ केली, तर पुढे होतं, "सबब चावडीवर हजर नाही." बिचाऱ्याला ताप आला होता.

तरी तिचा रामजीवरचा राग काही उतरला नाही. बायको तीनतीनदा माहेरी जाते आणि हा बाप्या ताटावरून उठण्यापलीकडे काही करत नाही, हे तिच्या डोक्यात गेलेलं. पितृपंधरवड्यात ती पानं वाढायची. सारजेच्या पानावर पुरणपोळी, वर तुपाची धार. रामजीच्या पानावर भात आणि आमटी, दोन्ही अळणी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीठ टाकायचं विसरलं असेल म्हणून पुढे झाले, तर तिनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. निकाल लागस्तवर अळनीच." मी म्हटलं, "आत्या, कावळा शिवेल का अशानं?" म्हणाली, "न्हाई शिवला तर रामजी उपाशी. मला काय."

कागद शोधायला तिला कचेरीत न्यायचं काम माझ्याकडे. माझ्याकडे स्कूटर आहे आणि मला नाही म्हणता येत नाही, या दोन्ही गोष्टी तिनं लवकर हेरल्या. तिथल्या अर्जात एक रकाना होता, मयताशी नातं. कारकुनानं विचारलं, "काय लिहू?"

"कुनाशी? सारजीशी का रामजीशी?"

"दोघांशी."

"सारजीशी पनती," आत्या म्हणाली. "रामजीशी भांडान."

कारकून माझ्याकडे बघायला लागला. मी पणती असं दोन्हीकडे लिहायला सांगितलं. आत्या बाहेर येईपर्यंत माझ्यावर धुसफुसत होती, की मी उगाच कागदावर खोटं लिहवलं.

अशी वर्षं चालली असती, पण भावकीनं कुलदैवताच्या देवळात वंशावळीची संगमरवरी फरशी बसवायचं काढलं. पुढाकार दादासाहेबांचा. दादासाहेब म्हणजे मळ्यातल्या थोरल्या घरचे, आत्याचे लांबचे चुलतभाऊ, निवृत्त इंजिनिअर, पुण्याला स्थायिक. माणूस सज्जन, पण रेघ आखल्याशिवाय सहीसुद्धा न करणारा. त्यांनी वंशावळीचा नकाशा भावकीच्या ग्रुपवर टाकला. पुरुषांची नावं, प्रत्येकापुढे कंसात बायकोचं नाव. रामजीच्या पुढचा कंस रिकामा.

आत्यानं तो माझ्या मोबाईलवर भिंग धरून बघितला. मोबाईलवर मोठं करून बघता येतं हे मी सांगितलं, पण ऐकण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती. म्हणाली, "दादाला लाव."

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"दादा, रामजीच्या कंसात कोन हाय?"

"द्वारके, तुला माहीत नाही का? फारखत झालेली बाई घराण्यात कशी धरायची?"

"कशावरनं झाली?"

"माझ्या कपाटात कागद आहे. वर चिठ्ठी लावलीय, स्वच्छ बाळबोध अक्षरात. 'फारखत, सारजेबद्दल.' अजून काय पाहिजे?"

"चिठ्ठी वाचलीस. आतला कागद वाचला का?"

"तो मोडीत आहे. मोडी कुणाला येते?"

"मला येती."

या कागदासाठी आत्या त्यांच्या मागे कैक वर्षं लागली होती, आणि ते दर वेळी "बघतो, काढतो" म्हणत आले होते. आता मात्र दादासाहेब म्हणाले, "ठीक आहे. फरशी बसवायच्या दिवशी घेऊन येतो. सगळ्या भावकीसमोर वाच. जे निघेल ते फरशीवर जाईल. पण मग पुन्हा हा विषय नको."

"न्हाई काढनार," आत्या म्हणाली आणि फोन बंद करायचं बटण सापडेना म्हणून मोबाईल उशीखाली दाबला.

त्या दिवशी आम्ही दोघी स्कूटरवरून देवळाकडे निघालो. आत्यानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, पिशवीत भिंग होतं. एरवी ती मागे बसून मला गाडी कशी चालवायची ते सांगत असते. त्या दिवशी एक अक्षर नाही. देवळाच्या अलीकडे एका कडुलिंबाखाली म्हणाली, "थांबव."

मला वाटलं पाणी हवं असेल. ती गाडीवरून उतरली आणि रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिली.

"जाऊच नई वाटतंय," ती म्हणाली.

"अहो, इतकी वर्षं ज्याच्या मागे होतात तो कागद आज हातात येणार."

"त्याच्यात खरंच तसंच आसलं तर? आजवर लोक नुसतं बोलत हुते. आज मी सोता वाचून दावनार, म्हंजी तिला भावकीम्होरं मीच टाकल्यागत हुईल."

मी तिला पहिल्यांदाच घाबरलेलं बघत होते. मी तिचंच वाक्य तिला दिलं. म्हटलं, "आत्या, तोंडाचं सोडा, कागद काढा." तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि गाडीवर येऊन बसली.

देवळापुढे मांडव, खुर्च्या, आचाऱ्याकडे बुंदी पडत होती. फरशी भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि नावं कोरणारा कारागीर छिन्नी-हातोडी घेऊन तिच्याशेजारी बसलेला. एका कंसापायी त्याचं काम अडलं होतं. दादासाहेबांनी लाल फडक्यातलं बोचकं आत्याच्या हातात दिलं. कैक वर्षांत कुणी सोडलंच नव्हतं, त्यामुळे गाठ सुटेना. आत्यानं सगळ्यांसमोर ती दातांनी सोडवली. वर खरोखरच चिठ्ठी होती, "फारखत, सारजेबद्दल." सगळ्या घराण्यानं आजवर एवढंच वाचलं होतं.

आत्यानं आतला कागद उलगडला, भिंग धरलं आणि वाचायला लागली. माईक मी धरला होता. पहिली ओळ आत्यानं मनात वाचली. मग पुन्हा वाचली. मग मान वर करून दादासाहेबांकडे बघितलं.

"काय झालं?" दादासाहेब म्हणाले.

"दादा, ही फारखत सारजीला दिलेली न्हाई."

"मग कुणाला?"

"तुझ्या पनज्याला."

मांडवात क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग वेशीतल्यांपैकी कुणीतरी खो-खो हसलं आणि पाठोपाठ सगळा मांडव. आत्या हसली नाही. हात वर करून तिनं सगळ्यांना गप्प केलं आणि अडखळत, एकेक शब्द सोडवत वाचलं. तो मजकूर मी नंतर तिच्याकडून उतरवून घेतला:

"थोरले बंधू व धाकटे बंधू यांसी रामजी याने फारखत लिहून दिली ऐसीजे. माझी बायको सारजा इचे व तुमचे पटत नाही. तुम्ही म्हणता सोडावी. ती मजकडून सोडवत नाही. सबब मीच तुम्हांस सोडितो. राहते घर, मळा, विहीर यांजवर माझा हक्क राहिला नाही. ओढ्यापलीकडील माळ तेवढा घेतला. सारजेबद्दल ही फारखत राजीखुशीने लिहून दिली."

जुन्या व्यवहारात भाऊ भावापासून वेगळा झाला, हक्क सोडला, तरी त्या कागदाला फारखतच म्हणत. आणि "बद्दल" म्हणजे मोबदल्यात, हे आत्यानं तिथेच माईकवरून सगळ्यांना समजावलं. रामजीनं विहीर दिली, मळा दिला आणि बदल्यात सारजा घेतली. आम्ही सगळे त्याच शब्दाला काडीमोड समजून शंभर वर्षं त्या बाईच्या नावानं बोटं मोडत होतो, आणि मोडी येणारं माणूस घरात नाही म्हणून गाठ सोडायचीही तसदी कुणी घेतली नव्हती.

"खाली सही हाय," आत्या म्हणाली. "सही म्हंजी, लिवता येत नव्हतं त्याला. निशानी. नांगर काढलाय." मग तिनं भिंग अगदी कागदावर टेकवलं आणि तिचा आवाज एकदम चढला, बाजार समितीतल्यासारखा. "आन नांगराच्या शेजारी बांगडी हाय. बाईची निशानी. सारजी शेजारी बसून हुती. तिच्याम्होरं लिवलंय हे."

मागच्या खुर्च्यांवरच्या बायका उठून पुढे आल्या. जी ती त्या कागदावर वाकून शाईतलं ते वेडंवाकडं कडं बघायला लागली. एकीनं त्याला हळूच बोटही लावलं. दादासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्या हातातला माईक घेऊन म्हणाले, "चूक आमच्या घराची. चिठ्ठी आमच्याच कुणीतरी लावली असणार." आणि कारागिराकडे वळून म्हणाले, "कंस भरा."

"काय नाव?" कारागिरानं विचारलं.

"सारजाबाई," आत्या म्हणाली. "जरा मोठं काढा."

"बाकीच्यांपेक्षा मोठं कसं काढू, आजी?"

"तिला थांबावं लागलंय बाकीच्यांपेक्षा जास्त."

त्यानं दादासाहेबांकडे बघितलं. ज्यांनी जन्मात कधी आखलेली रेघ ओलांडली नव्हती, ते दादासाहेब म्हणाले, "काढा."

छिन्नी चालू झाली तसा मांडवात उत्साह संचारला. वेशीतले एक म्हातारे मळ्यातल्यांना विचारायला लागले, "फारखत आपल्याला मिळाली, मग फारखतवाले आपन का हे?" माझा नवरा, जो कधी चार माणसांत बोलत नाही, तो प्रत्येकाला "आमच्या खापरपणजोबांनी विहीर सोडली, विहीर" असं सांगत फिरत होता, जणू त्यानं स्वतःच सोडली होती. आत्याला बायकांनी हळदीकुंकू लावलं, कपाळ पिवळंलाल करून टाकलं. देवाचा नैवेद्य झाल्यावर तिनं आचाऱ्याकडून एक पान रामजीसाठी वेगळं वाढून घेतलं. बुंदी, पुरी, रस्सा. आणि कडेला मीठ, चिमूटभर नव्हे, चांगली ढिगली.

"किती वर्सं अळनी जेवला रं," ती पानाला म्हणाली. "बोलायचं न्हवं का."

परतताना आत्या मागे बसून मोठमोठ्यानं बोलत होती. दादाचं तोंड कसं झालं, कारागीर कसा गोंधळला, बांगडी पहिल्यांदा दिसली तेव्हा आपल्याला नुसता शाईचा डाग कसा वाटला. समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनाही तिनं दोनदा हात केला. मी इतकी खुश झालेली आत्या कधी बघितली नव्हती. माळाजवळ येता येता मात्र ती गप्प झाली. बागेच्या फाटकाशी मी गाडी उभी केली तरी उतरेना. ऊन कलत आलं होतं.

"न्यायला आला गं तो तिला," ती म्हणाली. "माहेरी जाऊन बसली हुती, तर घरदार सोडून न्यायला आला."

"हो ना, आत्या."

"मी देवळालीवरनं आले तवा पिशवी भरून दाराआड ठिवली हुती. रीतच हाय, न्यायला आल्याबिगर जायचं न्हाई. म्हनलं, आज यील, उद्या यील. पिशवी सोडलीच न्हाई. मग एक दिवशी आईनंच त्यातली लुगडी काढून फडताळात ठिवली. काय बोलली न्हाई, नुसती ठिवली."

मी आरशातून तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण आरशात तिचा फक्त खांदा दिसत होता.

"आजवर वाटायचं, माझ्यागत एक हुती आपल्या घरात. तिच्या नादानं दिस जायचे. आता तिचं निघालं चांगलं. मी एकटीच ऱ्हायले." मग म्हणाली, "पर बरं झालं. बाईचं बरं झालं. माझ्या सोबतीसाठी तिनं टाकलेली ऱ्हायची काय गरज?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलंही नाही. एवढा मोठा जय मिळवून आलेली बाई, आणि त्या जयानं तिची एकुलती एक सोबतीण नेली होती. तरी ती तिच्याच सुखानं सुखी होती. मला तिचा फार अभिमान वाटला.

"आत्या," मी म्हटलं, "आता घरी चला."

"हे काय, घर आलं की."

"हे नाही. आमच्याकडे चला. राहायलाच चला. मी न्यायला आले म्हणा."

ती गाडीवरून उतरली, फाटक उघडलं आणि मागे वळून न बघता आत निघून गेली. मला वाटलं, नको ते बोलून बसले. कुत्रं भुंकलं, आत फडताळाचं दार करकरलं. मी गाडी वळवावी का, अशा विचारात असताना ती बाहेर आली. एका हातात कुत्र्याची साखळी होती, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, तोंडाशी गाठ मारलेली.

"दोनच लुगडी घेतली," ती म्हणाली. "हल आता पुढं."